गेम ओव्हरनंतर काय?

'दादा, तू मेलास! दे आता रिमोट!' लहानपणी मी हे दिवसातून दहा वेळा ओरडायचे आणि आई स्वयंपाकघरातून तितक्याच वेळा म्हणायची, 'तिन्हीसांजेला मरायचं काय बोलता गं!'

गोष्ट २०१० च्या आसपासची. मिरजेच्या आमच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. कॅसेटवर '९९९९ इन वन' छापलेलं, आत वेगळे गेम जेमतेम वीस. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. शिगेरू मियामोतो यांचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा, म्हणजे आई शाळेत होती तेव्हाचा. तरी आम्ही त्याच्यासाठी भांडायचो. मारिओकडे तीन लाइफ. खड्ड्यात पडला, एक गेलं. कासवाला धडकला, दुसरं गेलं. पण आमचा खरा व्हिलन लोडशेडिंग होता. सेव्ह करायची सोयच नाही! आठव्या वर्ल्डच्या दारात लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. मी भोकाड पसरायचे. दादा मात्र अंधारात रिमोट हातात धरून शांत बसून राहायचा, लाइट येईपर्यंत.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे या लेखाची असाइनमेंट. 'वेगवेगळ्या जॉनरचे गेम खेळ आणि तुला काय वाटलं ते लिही,' असं डेस्कवरून सांगितलं गेलं. मी म्हटलं, यापेक्षा भारी इंटर्नशिप असूच शकत नाही! लॅपटॉप घेऊन थेट मिरज गाठलं. घरी दादा होता. पाच वर्षांनी मोठा, आता सत्तावीसचा. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आदल्याच आठवड्यात निकाल लागला होता आणि तो तिसऱ्यांदा पूर्व परीक्षेत राहिला होता. दोन मार्कांनी. घरात कुणी काही बोलत नव्हतं. आई फक्त त्याच्या ताटात जरा जास्त वाढत होती.

पहिला गेम मोबाइलवरचा, बीजीएमआय. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये हा भारतीय अवतार आला, हे तुम्हाला सांगायला नकोच. शंभर जण विमानातून उड्या मारतात, मैदान आकसत जातं, शेवटी उरतो तो जिंकतो. इथे एकच लाइफ. एकट्याने खेळताना गोळी लागली की थेट बाहेर. मी सातव्या मिनिटाला गेले. दादा खांद्यावरून बघत होता. म्हणाला, 'शंभरातल्या नव्व्याण्णव जणांनी हरायचंच असतं यात. हा गेम मी रोज खेळतो, मोबाइलशिवाय.' मी हसले. तो हसला नाही.

मग म्हटलं, काहीतरी शांत घेऊ. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम. २०१६ साली आलेला हा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून तयार केला. चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. पेरा, पाणी घाला, गावातल्या लोकांशी गप्पा मारा. इथे हरणं जवळजवळ नाहीच. राबून राबून चक्कर आली तरी दुसऱ्या दिवशी जाग येते, फार तर थोडे पैसे गेलेले असतात. आई शेतकऱ्याची मुलगी. भाजी निवडता निवडता स्क्रीनकडे बघत होती.

'पाऊस नाही आला तर?'

'झारीने पाणी घालायचं.'

'आणि भाव पडला तर?'

'भाव पडत नाही यात. ठरलेला असतो.'

'मग कसली गं ही शेती!' म्हणून ती उठून गेली. दादा पहिल्यांदा खदखदून हसला.

तिसरा 'पेपर्स, प्लीज'. ल्यूकस पोपचा २०१३ चा गेम. बंदूक नाही, उड्या नाहीत. तुम्ही आर्सटोत्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवरचे कारकून. पासपोर्ट तपासायचा आणि शिक्का मारायचा, बस्स. जितकी माणसं तपासाल तितका पगार आणि त्यातून घरच्यांचं जेवण, शेकोटी, औषधं. एक नवरा येतो, त्याची कागदपत्रं चोख. जाताना सांगतो, मागून बायको येतेय, तिला सांभाळून घ्या. बायकोकडे परवानाच नाही! सोडलं तर वरून ताकीद, अशा चुका वाढल्या की दंड. नाही सोडलं तर... मी पाच मिनिटं शिक्का हातात धरून बसले. शेवटी सोडलं. इथे मरण्याआधीही आपण रोज थोडे थोडे हरत असतो, हे मला कुठल्याही युद्धाच्या गेमपेक्षा जास्त लागलं.

मधे 'राजी' पण खेळले. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ॲक्शन गेम. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या बहिणीची गोष्ट. मला मोठ्या भावाला शोधायचं होतं, आणि तो तर शेजारच्याच खोलीत होता.

शेवटचा 'सेलेस्ट', २०१८ चा. मारिओसारखाच उड्या मारायचा, पण महाकठीण. मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढायला निघते. तिला पॅनिक अटॅक येतात, आतून एक आवाज सतत म्हणतो की तुला जमणार नाही. काट्यांवर पडली की मरते आणि क्षणात त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला पुन्हा उभी राहते. गेम मरणं मोजतो. आणि सुरुवातीलाच एका पोस्टकार्डवर सांगतो की या आकड्याचा अभिमान बाळगा, जितके मराल तितकं शिकाल.

हे वाचून मला वाटलं, सापडलं! लेखाचा शेवट सापडला! लॅपटॉप दादासमोर ठेवला. 'बघ, हा गेम काय म्हणतो.'

त्याने वाचलं. थोडा वेळ खेळला, पंधरा-वीसदा पडला. मग म्हणाला, 'छान आहे. पण इथे मेलं की लगेच उभं राहता येतं. मला पुन्हा त्याच जागी यायला वर्ष लागतं. आणि वर्षभराचं भाडं.'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. गेम आपल्याला आयुष्य शिकवतात वगैरे लिहिणं सोपं आहे, मी तेच लिहिणार होते. पण गेममध्ये हरण्याची किंमत कुणीतरी विचार करून ठरवलेली असते. तीन लाइफ, थोडे पैसे, एक शिक्का. बाहेर ती कुणी ठरवत नाही. म्हणून दादाला 'परत उठ' म्हणताना मी यापुढे जरा जपून म्हणेन.

रात्री मी झोपले तेव्हा काउंटरवर ४१२ आकडा होता, बहुतेक माझ्या नावावरचा. सकाळी लॅपटॉप उघडला तर ५३८. चॅप्टर काही पूर्ण झाला नव्हता.

माझी दुपारची गाडी होती. बॅग भरत होते, तेवढ्यात दादा चहाचा कप घेऊन दारात आला. डोळे तारवटलेले.

'लॅपटॉप राहू दे दोन दिवस,' म्हणाला.

हा लेख मी मोबाइलवर टाइप केलाय.