निवारा आणि शेजार

पूर्वी गावात रात्री-अपरात्री वाटसरू आला, तर तो कोठे जाई? देवळाच्या ओवरीत जाई, चावडीवर जाई, नाहीतर धर्मशाळेत पथारी पसरी. पण ही जागाही सर्वांना मोकळी नव्हती. जात विचारून कितीकांना बाहेर ठेवीत. म्हणून तर गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. नाशिक, आळंदी, मुंबई येथेही त्यांनी गरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या.

आता शहरे वाढली. घर नसलेली माणसेही वाढली. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर आढळली. त्यांतली निम्म्याहून अधिक शहरांत होती. एकट्या महाराष्ट्रात ती दोन लाखांवर होती. ही माणसे फुटपाथवर, पुलाखाली, स्टेशनात, मोठ्या नळात झोपतात.

ही माणसे कोण? आपल्याला वाटते, सगळे भिकारी. तसे नाही. कोणी बाजारात हमाली करतो. कोणी लग्नाच्या जेवणावळीत भांडी घासतो. कोणी गवंड्याच्या हाताखाली आहे. कोणी म्हातारी घरातून बाहेर काढलेली आहे. हातावर पोट, खोलीचे भाडे परवडत नाही, अनामत रक्कम तर दूरच.

अशांसाठी सरकारने काय केले? २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे एक निवारा हवा. तो बारा महिने आणि दिवसरात्र उघडा हवा. पुढे २०१३ साली केंद्र सरकारने शहरी निवाऱ्यांची योजना आणली. तीत दर माणसाला ५० चौरस फूट जागा धरली. म्हणजे पाच फूट रुंद आणि दहा फूट लांब. शिवाय पाणी, संडास, दिवे आणि स्वयंपाकाची सोय असावी, असे ठरले.

कागदावर हे सोपे आहे. अडचण येते ती शेजाराची. निवारा हवा, हे सगळे मान्य करतात. पण आमच्या गल्लीत नको, असेही सगळेच म्हणतात.

आमच्या पेठेत असेच झाले. शाळेची एक जुनी इमारत रिकामी पडली होती. तेथे निवारा होणार, असे कळले. लगेच विरोधाचा अर्ज निघाला. चोऱ्या होतील, घाण होईल, पोरीबाळींना जाणे-येणे अवघड होईल, असे त्यात लिहिले होते. त्या अर्जावर आमचीही सही होती. लपवून काय उपयोग?

निवारा झालाच. पहिले काही महिने कटकटी झाल्या. माणसे दुकानांच्या पायऱ्यांवर बसत. गल्लीच्या टोकाला लघवीला जात. सणावारी कोणी दाते येऊन रस्त्यावरच जेवण वाटत, आणि उष्ट्या पत्रावळी तिथेच पडत. 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' असे लोक म्हणू लागले.

शेवटी एक बैठक झाली. पेठेतले आम्ही होतो, निवाऱ्यातलेही चारजण आले होते. ते दाराशीच उभे राहिले. दुकानदार म्हणाले, "तुम्ही दिवसभर आमच्या पायरीवर का बसता?" तेव्हा एक वयस्कर हमाल म्हणाला, "गुरुजी, फाटक सकाळी सातला बंद होतंय. कामाला नाका सापडला तर ठीक. नाहीतर दिवसा आम्ही बसायचं कुठं, तुम्हीच सांगा."

आम्ही चाळीस वर्षे मुलांना प्रश्न विचारले. या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग हिशेब मांडला. चाळीस माणसांना एक संडास. फाटक दिवसा बंद. जेवण वाटायला जागा नाही. म्हणजे तक्रार खरी होती, पण तिचे मूळ माणसांत नव्हते. ते व्यवस्थेत होते. आपल्याही घरी चाळीस पाहुणे आले आणि संडास एकच असला, तर काय होईल?

त्यानंतर काही गोष्टी ठरल्या. फाटक दिवसा उघडे राहू लागले. दोन संडास वाढले. जेवण द्यायचे ते आत, ओसरीवर. दारू पिऊन आलेल्याने दंगा केला, तर काय करायचे तेही ठरले. रोज सकाळी निवाऱ्यातली माणसे आपल्या दारापुढची गल्ली झाडतात. पुढचा भाग दुकानदारांनी झाडायचा. एक समिती नेमली. तीत दोन शेजारी आणि दोन निवाऱ्यातले. तक्रार आली, तर आधी समितीपुढे, मग पोलिसांकडे.

भांडणे अजिबात होत नाहीत, असे नाही. एक-दोन घरे अजून नाक मुरडतात. पण पायऱ्या मोकळ्या झाल्या. आणि पहाटे माल उतरवायला माणूस हवा असला, तर आता तेच दुकानदार निवाऱ्यात निरोप धाडतात.

शेजाऱ्याने आणखीही करण्यासारखे आहे. निवाऱ्याचा पत्ता मिळाला, की माणसाला ओळखीची कागदपत्रे काढणे सोपे जाते. मतदार यादीत तर बेघर माणसाचेही नाव लागते. त्याला पत्त्याचा कागद लागत नाही. तो जिथे झोपतो तिथे अधिकारी रात्री येऊन खात्री करून घेतो. हे पुष्कळांना माहीत नसते. ज्याला अर्ज भरता येतो, त्याने दुसऱ्याचा भरून द्यावा. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. हे काम तुम्हालाही जमेल.

एका हाताने टाळी वाजत नाही. निवाऱ्याने स्वच्छता आणि शिस्त राखावी. शेजाऱ्यांनी दार लावून घेण्याआधी एकदा आत जाऊन पाहावे. आम्ही सही आधी केली आणि आत नंतर गेलो. तुमच्या वस्तीत असा अर्ज फिरत आला, तर तुम्ही आधी आत जा. सही करायची की नाही, ते मग ठरवा.