फाइलचा जनरल रजिस्टर नंबर

शाळेत प्रत्येक मुलाचे दोन नंबर असतात. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरचा नंबर मात्र एकदा पडला की पडला. मूल दाखला घेऊन गेलं तरी तो दुसऱ्याला देत नाहीत. नेटवर्कवरून फाइल वापरताना कॉम्प्युटरलाही असाच न बदलणारा नंबर लागतो.

एका सर्व्हरवरचं फोल्डर अनेक कॉम्प्युटरना वापरता यावं म्हणून सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने 1984 मध्ये एनएफएस ही पद्धत तयार केली. त्यात आपला कॉम्प्युटर फाइलचं नाव सांगतो आणि सर्व्हर त्याला एक 'फाइल हँडल' देतो. पुढे वाचायचं-लिहायचं ते हँडल दाखवूनच. मधेच कुणी फाइलचं नाव बदललं तरी काम अडत नाही. लाइट जाऊन सर्व्हर बंद पडला आणि पुन्हा चालू झाला, तरी तेच हँडल चाललं पाहिजे.

लिनक्ससारख्या सर्व्हरवर या हँडलमध्ये साधारण तीन गोष्टी असतात: फाइल सिस्टीमची ओळख, आयनोड नंबर आणि जनरेशन नंबर. आयनोड म्हणजे डिस्कवरची त्या फाइलची नोंद. मग तिसरा नंबर कशाला? खरी गंमत इथेच आहे. आयनोड नंबर हा हजेरी क्रमांकासारखा. फाइल पुसली की तो मोकळा होतो आणि नव्या फाइलला मिळू शकतो.

समजा, तुम्ही चाचणीच्या गुणांची फाइल उघडून बसलात, आयनोड 7. तेवढ्यात दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कुणी ती पुसली आणि पोषण आहाराची नवी फाइल केली. तिलाही 7 मिळाला. आता तुम्ही गुण सेव्ह केले तर ते जातील थेट तांदळाच्या हिशोबात! आयनोड नव्या फाइलला देताना जनरेशन नंबर बदलतात तो यासाठीच. हँडलमधला नंबर जुळला नाही की सर्व्हर 'स्टेल फाइल हँडल' म्हणून नकार देतो. हा एरर बघून वैताग येतो, पण त्याने नवी फाइल वाचवलेली असते.

पेन ड्राइव्हचं प्रकरण जरा वेगळं. त्यावरच्या फॅट पद्धतीत आयनोड नंबर साठवलेलाच नसतो, लिनक्स तो तात्पुरता बनवतं. त्यामुळे असा पेन ड्राइव्ह एनएफएसवरून शेअर केला, तर फाइल जागेवर असूनही हा एरर येऊ शकतो. त्यापेक्षा फाइली सर्व्हरच्या डिस्कवर कॉपी करून मग शेअर कराव्यात. एरर आलाच तर फाइल बंद करून नावाने पुन्हा उघडून बघा, म्हणजे नवं हँडल मिळतं.