रेंज खळ्यात, रुग्ण माजघरात

श्रावणातली रात्र. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतून सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ पहाटे साडेतीनला आमच्याकडे आले. छातीत दुखायला लागलं होतं रात्री अकराला. ईसीजी पाहिला आणि निदानाला काही अवघड उरलं नाही. हृदयविकाराचा मोठा झटका होता. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत मिळालं तर त्याचा फायदा सर्वांत जास्त. पुढे प्रत्येक तासाला हृदयाचा थोडा थोडा स्नायू मरत जातो आणि तो परत येत नाही.

इतका उशीर का झाला, हे मी त्यांच्या बायकोला विचारलं. त्यांचा स्वतःचा उजवा हात ओढणीने गळ्यात बांधलेला होता. म्हणाल्या, "डाक्टर, घरात रेंज नाय. खळ्यात गेलं की एक काडी येते, ती पण पाऊस थांबला तर." प्लास्टिकच्या पिशवीत फोन आणि हातात बॅटरी घेऊन त्या पाखाडीवरून वरच्या अंगाला निघाल्या होत्या. शेवाळावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. शेवटी तशाच शेजारच्या घरी पोहोचल्या, तिथल्या मुलाने रिक्षा काढली. एका फोनसाठी दीड तास गेला आणि एका रुग्णाचे दोन रुग्ण झाले.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून मुलगा आला. त्याचे प्रश्न दोनच होते. "डॉक्टर, ऑनलाइन सिग्नल बूस्टर मिळतो, तो घरात लावू का? आणि त्याच्या रेडिएशनने बाबांच्या हृदयाला काही होईल का?" हे प्रश्न मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून आज त्यांच्यावर लिहितो.

आधी घरात रेंज का येत नाही ते पाहू. आपली घरं जांभ्याच्या चिऱ्याची, भिंती जाडजूड. पावसाळ्यात चिरा पाणी पितो आणि पाणी रेडिओलहरी शोषतं. त्यावर आता गळती नको म्हणून कौलांवर किंवा स्लॅबवर पत्रे चढवण्याची पद्धत पडली आहे. धातूचा पत्रा या लहरी जवळजवळ पूर्ण परतवतो. टॉवर डोंगराआड असेल तर बोलायलाच नको. 'पाऊस पडला की रेंज जाते' असं आपण म्हणतो, पण हवेतून पडणाऱ्या थेंबांचा मोबाइलच्या लहरींवर फारसा परिणाम होत नाही. दोष ओल्या भिंतींचा, भिजलेल्या झाडोऱ्याचा आणि बऱ्याचदा टॉवरच्याच गेलेल्या विजेचा असतो.

आता बूस्टर. घराबाहेर उंचावर एक अँटेना, मध्ये सिग्नल मोठा करणारा डबा आणि घरात दुसरी अँटेना, एवढंच ते यंत्र. बाहेरचा क्षीण सिग्नल मोठा करून आत देतं आणि तुमच्या फोनचा आवाज मोठा करून टॉवरकडे पाठवतं. कल्पना चांगली आहे, अडचण दुसऱ्या टोकाला आहे. गावच्या भजनात माइक स्पीकरच्या समोर आला की कशी कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते? स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, असं चक्र सुरू होतं. बूस्टरच्या दोन अँटेना जवळजवळ लावल्या तर हेच होतं. फरक इतकाच, की ही शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही, टॉवरला येते. त्या गोंगाटात आसपासच्या सगळ्यांचे फोन तुटायला लागतात. म्हणजे आपल्या माजघरात चार काड्या आल्या आणि खालच्या वाडीतल्या कुणाचा १०८ ला लागणारा फोन लागला नाही, असं होऊ शकतं.

म्हणूनच दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितलं, की परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज इतर कोणीही असा बूस्टर किंवा रिपीटर बाळगणं, विकणं अथवा वापरणं बेकायदा आहे. तो दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो म्हणून चालतो असं नाही. लागलाच तर तो कंपनीकडून लावून घ्यायचा. कंपनीकडे मागणी लेखी करावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. तोंडी तक्रारीचं काय होतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

रेडिएशनचं उत्तर बहुतेकांना उलटं वाटतं. टॉवरपेक्षा आपल्या डोक्याला जास्त लहरी मिळतात त्या कानाला लावलेल्या फोनमधून. रेंज जितकी कमी, तितका फोन जोर लावून ओरडतो. चांगल्या रेंजमध्ये तो ज्या ताकदीने बोलतो, त्याच्या शेकडो पट ताकद त्याला कमजोर रेंजमध्ये लावावी लागू शकते. माजघरात बॅटरी लवकर उतरते त्याचं हेही एक कारण. तरीही या लहरी क्ष-किरणांसारख्या नव्हेत. पेशीतला डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. भारतात फोनसाठी एक ग्रॅम ऊतीमागे १.६ वॅट प्रतिकिलो ही मर्यादा आहे आणि टॉवरसाठीची मर्यादा २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश करण्यात आली होती. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं, त्याची भीती अजून गेलेली नाही. पण त्याच संघटनेने करून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. कमी रेंजमध्ये लांब गप्पा मारायच्या असतील तर स्पीकरवर किंवा वायरच्या इअरफोनने बोला, इतकं पुरे. पेसमेकर असलेल्यांनी मात्र फोन शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात ठेवू नये, वीतभर अंतर राखावं.

वॉर्डात मी पाहतो ते नुकसान लहरींमुळे झालेलं नसतं. ते रेंज शोधायला बाहेर पडल्यामुळे झालेलं असतं. काळोखात बांधावर गेलेल्या माणसाला फुरसं चावतं. मेमध्ये किंवा परतीच्या पावसात सड्यावर फोन घेऊन उभं राहणाऱ्याला विजेचा धोका असतो. मोबाइल वीज ओढून घेतो हा गैरसमज आहे. पण मोकळ्या सड्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो, ते वीज पाहते. २०२० च्या टाळेबंदीत कोकणातली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर झोपडी बांधून बसली होती. आपण त्यांच्या जिद्दीचं कौतुक केलं. डॉक्टर म्हणून माझ्या पोटात गोळा आला होता.

मग उपाय काय? ज्या घरात फायबर किंवा कुठलंही ब्रॉडबँड पोहोचलं आहे, तिथे उत्तर बहुधा फोनमध्येच असतं. सेटिंगमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' नावाचं बटण असतं. ते सुरू केलं की साधा फोन, त्याच नंबरवरून, टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून जातो. वेगळं अ‍ॅप लागत नाही. २०१९-२० पासून ही सोय आपल्याकडे आहे आणि आता बऱ्याच फोनमध्ये असते, पण कितीतरी घरांत ते बटण बंदच असतं. एक खोच आहे. पावसाळ्यात लाइट गेली की राउटर बंद आणि फोनही बंद. म्हणून राउटरला छोटी बॅटरी जोडावी. इन्व्हर्टर असेल तर त्याची एक वायर टीव्हीआधी राउटरला द्या.

ब्रॉडबँड नसेल तर वाडीत कुठल्या कंपनीची रेंज घरात येते ते शेजाऱ्यांच्या फोनवर पाहून दुसरं सिम तिचं घ्यावं. फोनच्या माहितीत सिग्नलचा आकडा उणे चिन्हासह दिसतो. उणे ९० चांगला, उणे ११० च्या खाली गेला तर कठीण. आकडा दहाने घसरला की सिग्नल एकदशांशावर येतो. दोन खिडक्यांत इतका फरक सहज सापडतो. जिथे आकडा बरा, तिथे म्हाताऱ्यांच्या फोनची जागा पक्की करा.

आणि ११२ लक्षात ठेवा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीची असेल तर तिच्या टॉवरवरून ११२ लागू शकतो. १०८ साठी ही सोय गृहीत धरू नका. फोन लागला की आधी गाव, वाडी आणि जवळची खूण सांगा. लाइन मध्येच तुटली तरी निदान गाडी निघालेली असते.

ते गृहस्थ वाचले. हृदयाची ताकद मात्र बरीच कमी झाली आहे, पाखाडी चढताना दोनदा थांबावं लागतं. मुलाने बूस्टरचा नाद सोडला, फायबर घेतलं आणि राउटरला बॅटरी लावली. गणपतीनंतर मनगटाचं प्लास्टर काढायला आजी आल्या तेव्हा तक्रार घेऊनच आल्या. "आता फोन माजघरातच वाजतो ओ, आणि सून नेमकी सीरियलच्या टायमाला करते."