टेंभुर्णीचं पान

वाशिम जिल्ह्यातल्या कोरड्या रानात सागाच्या सोबतीनं टेंभुर्णी वाढते. उन्हाळ्यात पोरं तिची पिवळी फळं खातात. बिडीवाल्याचा जीव मात्र पानात. त्याच्या लेखी तो तेंदूपत्ता. शिशिरात झुडपं जमिनीसरशी छाटली, की बुडख्यातून नवी पालवी फुटते आणि एप्रिल-मेमध्ये भल्या पहाटे तोडणी सुरू होते. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि असे १००० पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, उन्हात वाळतात. १९६९च्या कायद्यानं हा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आला.

या पानाचं काम कळायला आधी सिगारशी तुलना करू. शौकिनांच्या काळ्या सिगारला, म्हणजे ‘मदुरो’ला, तीन थर असतात: आत भरण, त्यावर बांधणीचं पान, बाहेर वेष्टन. तिन्ही तंबाखूचेच. वेष्टनाचं पान उबेत आणि ओलाव्यात दीर्घकाळ मुरवतात, म्हणून ते काळसर पडतं आणि चवीला गोडसर होतं. त्या चवीचं वर्णन करताना कॉफी, कोको, मिरी असे शब्द वापरतात. बिडीच्या वाट्याला असलं कौतुक कधी आलं नाही. खरं तर तिची रचना जास्त अवघड: मधला थर नाही, डिंक नाही, आणि वेष्टन तंबाखूचं नाहीच. चिमूटभर तंबाखूच्या भुग्याला एका रानपानानं आणि दोऱ्यानं धरून ठेवायचं.

पान रात्री भिजवून सकाळी नरम करतात. मग पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं आयताकृती तुकडा कापायचा. जाड शीर टाळायची, नाहीतर वळताना पान तडकतं. मांडीवर सूप, सुपात जर्दा, म्हणजे तंबाखूचा भुगा. चिमूटभर, म्हणजे सुमारे पाव ग्रॅम किंवा त्याहूनही कमी, पानावर पसरून बोटांच्या टोकांनी वळायचं, एका टोकाला निमुळतं, दुसऱ्याला जाड. जाड तोंड नखानं मुडपून बंद, निमुळत्या टोकाजवळ दोरा. सैल वळली तर जर्दा गळतो. आवळली तर धूर ओढला जात नाही. वळणारीचा हात इतका बसलेला असतो, की ती बोलताना सुपाकडे पाहतही नाही.

टेंभुर्णीचं पान सहज पेटत नाही. झुरका थांबला की बिडी विझते, म्हणून ओढणारा झुरक्यावर झुरके घेतो आणि इवल्याशा बिडीतून निकोटीन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत घेतो. ‘पान नैसर्गिक, म्हणून बिडी सौम्य’ ही समजूत निखालस खोटी आहे.

आतल्या तंबाखूसाठी मराठी माणूस कर्नाटकातल्या निपाणीकडे पाहतो. १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी तिथं महामार्ग अडवला. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. वळणाऱ्या हातांची गावं वेगळी: सिन्नर, सोलापूर, गोंदिया. सोलापूरजवळ कुंभारीत बिडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव आहे.

या बायकांची मजुरी हजार बिड्यांवर. तपासणीत फेकलेली बिडी, म्हणजे छाट, मोजणीत धरत नाहीत. पान वजनावर मिळतं. त्यात फाटकी, भोकाची पानं जास्त निघाली, की हजाराचा आकडा भरायला बाई पदरचे पैसे घालून पान विकत आणते.