चिनलीची मेंढरं

फिनिक्सहून निघताना जावयांनी गाडीत पाण्याचे दोन खोके चढवले, तेव्हा मला हसू आलं. माझं माहेर माण तालुक्यातलं, घर मेंढपाळांचं. दुष्काळी मुलखातल्या बाईला वाळवंटाचं काय एवढं! पण फ्लॅगस्टाफची थंडगार पाइनची झाडी मागे पडली, रस्ता उताराला लागला आणि कॅमेरॉनच्या पुढे लाल-राखी उघड्या टेकड्यांशिवाय काही दिसेना, तेव्हा हसू आवरलं. माणात निदान बाभळी तरी असतात.

मुलगी, जावई, दहा वर्षांचा नातू आणि मी असे चौघं चिनलीला चाललो होतो. चिनली हे नवाहो लोकांचं गाव. शाळेच्या पुस्तकात ज्यांना 'रेड इंडियन' म्हणत (मीही वर्गात वर्षानुवर्षं तसंच म्हणत आले), त्यांच्यातलीच ही एक मोठी जमात. ते स्वतःला 'दिने' म्हणवतात, म्हणजे नुसतं 'माणसं'. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा मिळून सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर मुलूख त्यांच्या स्वतःच्या सरकारच्या ताब्यात आहे. विंडो रॉक ही राजधानी.

घड्याळसुद्धा त्यांचं वेगळं. उन्हाळ्यात ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही, नवाहो करतात. आणि नवाहोंनी चारी बाजूंनी वेढलेले होपी पुन्हा करत नाहीत. ट्यूबा सिटीपाशी फोनमधली वेळ एकदा पुढे, एकदा मागे उड्या मारायला लागली. जावयांनी चिडून फोन बाजूला ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळावर भरवसा टाकला. परिणामी चिनलीजवळच्या दरीच्या फेरीला आम्ही तासभर उशिरा पोचलो. वाटाड्या नवाहो तरुण, जीपला टेकून उभा. त्याला याचं काहीच नवल नव्हतं.

वाटेत एक गोष्ट मात्र अगदी ओळखीची दिसली. पिकअप गाड्यांवर पाण्याच्या टाक्या लादून माणसं घराकडे निघालेली. या मुलखात साधारण तीनातल्या एका घरी नळ नाही. नातवाला म्हटलं, "हा आपला टँकरच रे, फक्त ज्याचा त्याने आणायचा."

चिनलीला खेटून जी दरी आहे तिचं नाव नकाशावर 'कॅन्यन द शे'. नवाहोतल्या 'त्सेयी' या शब्दाचा, म्हणजे 'खडकाच्या आत', स्पॅनिश लोकांनी केलेला हा अपभ्रंश. तळाशी आजही दिने कुटुंबं शेती करतात, म्हणून तिथे फिरायचं तर नवाहो वाटाड्या सोबत लागतो. आमच्या वाटाड्याने आधी स्वतःची ओळख सांगितली, आणि ती पुरी व्हायला वेळ लागला. मी आईच्या अमुक कुळातला, वडिलांच्या तमुक कुळासाठी जन्मलेला, आईच्या वडिलांचं कुळ हे, वडिलांच्या वडिलांचं ते. चार कुळं सांगितली की समोरचा आपला कोण लागतो ते कळतं, आणि एका कुळात लग्न होत नाही. मग त्याने मला विचारलं. मी माहेर, सासर, देवक, कुलदैवत सगळं सांगितलं. मुलगी भाषांतर करता करता थकली.

दरीत २४० मीटर उंचीचा एक सुळका उभा आहे. त्यावर राहणाऱ्या कोळी-आजीने (जाळं विणतो तो कोळी) दिने बायकांना विणायला शिकवलं, अशी कथा. याच दरीत १८६४ साली किट कार्सनच्या फौजेने पिकं जाळली, पीचच्या बागा तोडल्या आणि उपाशी माणसांना शरण आणलं. मग त्यांना शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोच्या पूर्वेला बॉस्क रेदोंदोच्या छावणीत नेलं. वाटेत कितीतरी मेले, छावणीतही मेले. १ जून १८६८ रोजी तह झाला आणि उरलेले परत आपल्याच मुलखात आले. त्या तहात १५,००० मेंढ्या-शेळ्या विकत घेऊन देण्याचं कलम होतं. ते ऐकून मी सरसावून बसले. माणसं उजाडल्यावर पुन्हा उभी करायची तर आधी काय द्यायचं, हे त्या कलमात बरोबर लिहिलं होतं.

संध्याकाळी वाटाड्याने त्याच्या मावशीकडे नेलं. मावशी विणकरीण. शेजारी जुन्या पद्धतीचं गोल घर, म्हणजे होगन, दार पूर्वेला. माग उभा, भिंतीला टेकवलेला. आमच्या घोंगडी विणणाऱ्या सनगरांचा माग खड्ड्यातला. मावशी आडवे धागे दाबायला लाकडी फणी वापरत होती. मावशी-भाचा आपसांत बोलत ती नवाहो भाषा; दुसऱ्या महायुद्धात जपान्यांना न उलगडलेली अमेरिकन सैन्याची सांकेतिक भाषा हिच्यावरच रचलेली होती. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण मावशीने लोकरीचा पुंजका हातात दिला तेव्हा भाषा लागली नाही. चुरो जातीच्या मेंढ्यांची लोकर ती. लांब धाग्याची, आणि चिकटपणा इतका कमी की धुवायला फारसं पाणी लागत नाही.

ही जात जवळजवळ संपली होती. १९३०च्या दशकात अमेरिकन सरकारने ठरवलं की अति चराईने जमीन धुपते आणि कोलोरॅडो नदीवरच्या नव्या धरणात गाळ जातो. जॉन कॉलियर हे मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याचे आयुक्त. हजारोंनी मेंढ्या-शेळ्या कमी केल्या, पुष्कळ तर जागच्या जागी गोळ्या घालून टाकून दिल्या. दिने लोकांत मेंढरं बहुतेक बायकांच्या मालकीची. त्यांना कुणी विचारलं नाही. धूप खरी असेलही, पण माझ्या आजीसमोर कुणी असं केलं असतं तर तिने त्याला जन्मभर शिव्या दिल्या असत्या. १९७७ साली लायल मॅकनील या प्राध्यापकाने दुर्गम वस्त्यांमधून उरलीसुरली चुरो शोधून पैदास सुरू केली. मावशीच्या वाड्यातली बारा मेंढरं त्याच जातीची.

निघताना तिने विचारलं, "तुमच्याकडे लोकर काय भावाने जाते?"

खोटं कसं सांगणार? गेल्या दिवाळीत भावाने कातरलेल्या लोकरीला गिऱ्हाईक मिळालं नाही. त्याने ती उकिरड्यावर टाकली.