लेथवरचा उजेड

धाराशिव जिल्ह्यात नांगर, पेरणीयंत्रे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या यांच्या दुरुस्तीबरोबर थोडेफार लेथकाम करणाऱ्या कार्यशाळा बहुधा पत्र्याच्या शेडमध्ये असतात, आणि तेथे उजेड अपुरा वाटू लागला की छताला आणखी एक ट्यूब टांगली जाते. अडचण मात्र बहुतेक वेळा दिव्यांच्या संख्येत नसून त्यांच्या जागेत असते, कारण लेथवर वाकलेल्या कारागिराच्या पाठीमागून येणारा प्रकाश त्याच्याच डोक्याने अडतो आणि टूल धातू कापते नेमक्या त्याच जागी सावली पडते.

कामाच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष पोहोचणारा प्रकाश लक्स या एककात मोजतात. मापात ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक फरक चालणाऱ्या यंत्रकामाला ३०० लक्स आणि त्याहून काटेकोर कामाला ५०० लक्स, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा आहे. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले की प्रकाश सुमारे चौपट होतो. म्हणून यंत्रालाच वळत्या दांडीवर बसवलेला २४ व्होल्टचा दिवा छतावरच्या अनेक ट्यूबांपेक्षा उपयोगी पडतो, मात्र तो तिरका धरावा लागतो, नाहीतर व्हर्निअरच्या चकचकीत पट्टीवरून प्रकाश डोळ्यांत परततो आणि रेघा दिसेनाशा होतात.

याहून गंभीर प्रश्न लुकलुकण्याचा आहे. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. चार जबड्यांचा चक मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल तर दोन झळाळ्यांमध्ये तो बरोबर पाव फेरा पुढे जातो, एका जबड्याच्या जागी दुसरा येतो आणि फिरता चक थांबल्यासारखा भासतो. हा भास हात गमावण्यास पुरेसा आहे. शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडल्याने तो बराच कमी होतो. एलईडी दिवाही त्यातून आपोआप सुटत नाही, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे वीज स्थिर करून देणारा भाग, चांगलाच असावा लागतो.

१९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम १७ ने पुरेशा प्रकाशाबरोबर स्वच्छ काचा आणि डोळ्यांना ताण देणाऱ्या सावल्यांचा प्रतिबंधही मागितला होता. मोजक्या कामगारांच्या शेड त्या कक्षेत येत नसत, पण तेथील डोळ्यांची गरज वेगळी नाही. दिवसाच्या उजेडासाठी उत्तरेकडची खिडकी उत्तम, असे पुस्तके सांगतात. धाराशिव मात्र सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, सकाळ-संध्याकाळ तर अधिकच. म्हणून येथे उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा हवा, आणि छतातला पारदर्शक पत्रा लेथच्या थेट डोक्यावर न बसवता बाजूला, चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीलगत बसवणे इष्ट.