आईची डोकेदुखी

डोके दुखू लागले की आपण दुकानातून गोळी आणतो. पाण्याबरोबर गिळतो आणि कामाला लागतो. पण बाई गरोदर असली, तर गोळीतले औषध तिच्या एकटीपुरते राहात नाही. ते वारेतून बाळापर्यंत पोचू शकते. बाळ अंगावर पीत असेल, तर दुधातूनही थोडेफार जाते. म्हणून या दिवसांत आपल्या मनाने गोळी घेऊ नये.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. आमचा सारा जन्म फळ्यापुढे गेला. पण डोके कशाने दुखते हे उमजले, तर पुष्कळदा गोळीवाचून भागते. ते कसे, हे आता पाहू.

पहिले कारण तहान. अंगात पाणी कमी पडले की डोके ठणकते. लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर पाणी वाढवावे. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, नाहीतर बाळाला सर्दी होते, असे जुन्या बाया म्हणतात. त्यांची माया खरी, पण समजूत खोटी. दूध व्हायला पाणीच लागते. पाजायला बसताना पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा.

दुसरे कारण भूक. दर दोन-तीन तासांनी थोडे खावे. चतकोर भाकरी, मूठभर फुटाणे, एखादे केळे चालेल. या दिवसांत कडक उपास करू नये. देव त्यासाठी रागवायचा नाही.

तिसरे कारण अपुरी झोप. बाळ झोपले की आईनेही पडावे. भांडी तेवढा वेळ थांबतात. नाहीतर घरच्या पुरुषाने घासावीत, त्यात कमीपणा कसला?

चौथे कारण चहा. रोज पाच कप पिणारीने चहा एकदम सोडला, तर डोके धरते. तो हळूहळू कमी करीत एक-दोन कपांवर आणावा.

पाचवे कारण धूर. चुलीपाशी हवा खेळती हवी. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवणे तर फार धोक्याचे. जळत्या कोळशातून विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखणे हीच त्याची पहिली खूण. मग मळमळते, गुंगी येते, आणि आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. बंद खोलीत शेगडी ठेवूच नका.

डोके दुखू लागले तर काय करावे? आधी पाणी प्यावे, पोटात दोन घास घालावे. अंधाऱ्या, शांत खोलीत डाव्या कुशीवर पडावे. कपाळावर गार पाण्याची घडी ठेवावी. मान आखडली असेल, तर कोमट फडक्याने शेकावे आणि हलक्या हाताने तेल चोळावे. डोक्याला बांधलेले फडके घट्ट असेल, तर सैल करावे.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. गोळीवाचून म्हणजे सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी बंद करा, असे नव्हे. रक्त कमी असले तरी डोके दुखते. ती गोळी रोज घ्यावी, पण चहाबरोबर नको.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाच महिन्यांनंतर किंवा बाळंतपणानंतर दीड महिन्यापर्यंत डोके जोरात दुखले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, अंधुक दिसले, तोंड व हात सुजले, किंवा बरगड्यांखाली पोट दुखले, तर घरगुती उपाय करीत बसू नका. रक्तदाब वाढल्याची ही खूण असू शकते. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 झाला, तर डॉक्टरांनी लगेच पाहायला हवे. दाब फार वाढला तर झटके येतात. ती बाहेरची बाधा नव्हे. देवऋषी शोधू नका, 108 ला फोन करा.

ताप, मान ताठणे, किंवा एका अंगाची शक्ती जाणे, यांतही थांबू नये. पोट फाडून बाळंतपण झाले असेल आणि बसल्यावर डोके दुखून आडवे होताच थांबत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. ते गोळी देतील, तर ती निःशंक घ्यावी.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी होते. 2016 सालापासून ही सोय आहे. आशाताईंना विचारा, आणि जाताना शेजारणीलाही संगे न्या.